लॉसलेस रोमांच

दिग्रसच्या कोर्टात स्वानंद उमरीकर वकील दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. ते कधी तडजोड करत नसत, त्यामुळे त्यांचे दावे पक्षकाराच्या मुलाबाळांपर्यंत पोचत. आणि त्यांना गाणं कळायचं. ही दुसरी गोष्ट त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितली होती, आणि तिची उलटतपासणी कुणी घेतली नव्हती.

एके दिवशी त्यांच्या फोनमधल्या गाण्यांच्या अ‍ॅपवर पट्टी झळकली, 'आता ऐका लॉसलेस'. वकिलांनी खाली सगळं बारीक वाचून काढलं. तेव्हा त्यांना कळलं की आजवर गाणं फोनवर पाठवताना लहान करून पाठवलं जात होतं आणि लहान करताना त्यातलं थोडं थोडं गाळलं जात होतं. आता काहीही न गाळता, स्टुडिओत होतं तसंच्या तसं येणार होतं. वकिलांना आनंद नंतर झाला. आधी संताप आला.

"हा सरळसरळ विश्वासघात आहे," ते बायकोला म्हणाले. "इतकी वर्षं आपल्याला गाळलेलं गाणं ऐकवलं यांनी."

शुभदा कन्या शाळेत गणित शिकवायची. ती पेपर तपासत होती. "तुम्हाला इतकी वर्षं कळलं नाही ना? मग फार काही गाळलं नसेल."

"मला जाणवायचं. फक्त त्याला शब्द सापडत नव्हता."

शुभदाने कुणाच्या तरी भागाकाराला शून्य गुण दिले आणि पान उलटलं.

त्या दिवसापासून वकिलांनी गाण्यातली गळती शोधायचा ध्यास घेतला. ब्लूटूथचा स्पीकर आवाज पुन्हा दाबतो असं वाचलं म्हणून तो कामवाल्या हंसाबाईंना देऊन टाकला. फोनचा स्वतःचा आवाज कच्चा, म्हणून आकड्यांचा आवाज करणारी डॅक नावाची छोटी डबी आली. वायफायवर भरवसा ठेवायचा नाही म्हणून राउटरपासून एक केबल निघाली, ती देवघरावरून, जेवणाच्या टेबलाखालून थेट मागच्या खोलीत गेली. शुभदा तिला दोनदा अडखळली आणि वकिलांनी दोन्ही वेळा आधी केबल तपासली. तारेवर चालणारे दोन नवे स्पीकर आले आणि भिंतीपासून दूर, खोलीच्या मध्यात बसले. त्यांच्यासमोर एकच खुर्ची मांडली गेली, कारण खरा आवाज फक्त एकाच जागी ऐकू येतो. ती जागा वकिलांची होती.

मग इतर आवाजांवर मनाई हुकूम निघाला. गाणं चालू असताना पंखा बंद. फ्रिजची घरघर भिंतीतून येते म्हणून फ्रिज बंद, त्यात दोनदा दूध नासलं. कुकर लावायच्या आधी विचारायचं. मार्च लागला होता आणि दिग्रसची हवा तापायला लागली होती. वकील दार-खिडक्या लावून, बनियनवर, घामाने निथळत खुर्चीत बसत आणि बाहेर आल्यावर टॉवेलने मान पुसत म्हणत, "आत्ता कुठे गाणं सुरू झालंय."

तरी काहीतरी खुपत होतं. कुठल्याशा जाणकाराच्या व्हिडिओत त्यांना ते सापडलं. यंत्रं कितीही भारी आणा, आवाज बिघडवते ती खोली. खोलीत टाळी वाजवा, मागे झंकार राहिला तर तुमची खोली नापास. वकिलांनी टाळी वाजवली. चारही भिंतींनी आणि फरशीने ती त्यांना परत केली. नंतरचे काही दिवस उमरीकरांच्या घरातून टाळ्या ऐकू येत होत्या. शेजारच्या सुखीबाईंना वाटलं, वकिलांनी भजन धरलं.

उपाय असा होता की भिंतींवर आवाज पिऊन टाकणारं काहीतरी जाडजूड लावायचं. त्यासाठी परदेशात काय काय वापरतात त्यात कापसाचंही नाव होतं. ते वाचून वकील खुर्चीतून उठून उभे राहिले. अख्खं जग ज्यासाठी धडपडतं ते दिग्रसमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सांडत जात होतं!

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर कपिल राऊतला गाठलं. कपिल त्यांचा शाळासोबती. जवळच्याच खेड्यात त्याची भरपूर काळी जमीन होती आणि धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, एक दावा उमरीकर वकिलांकडे बऱ्याच वर्षांपासून सुखाने नांदत होता.

"कापूस पायजे? कायले?" कपिलने ग्लास खाली ठेवला.

"भिंतींना लावायला. आवाज शोषून घेतो."

"कोनाचा? वहिनीचा?"

"गाण्याचा रे. खोलीत घुमतो ना तो."

कपिलच्या डोळ्यांपुढे त्याचं घर आलं. भाव वाढेल या आशेवर त्याने दिवाळीपासूनचा सगळा कापूस घरात भरून ठेवला होता. ओसरी भरली, मधली खोली भरली, पाहुण्यांची खाट कापसावर गेली. भाव काही वाढला नाही. कापूस मात्र जुना होत गेला आणि जुन्या कापसात दरवर्षी होतात ते डोळ्यांना न दिसणारे किडे झाले. घरातलं प्रत्येक माणूस खाजवत होतं. त्याची बायको निकिता त्याच सकाळी म्हणाली होती, "आता या घरात एक तं कापूस राहीन, नाईतं मी."

"किती पायजे?" कपिलने विचारलं.

"चारही भिंती झाकतील एवढा. पण सरकी काढलेली रुई बरी ना?"

"रुई? रुई कायले घेतं बावा! तिच्यात वजन हाये का? फूकनं उडते. सरकीसकट कापूस घे. आवाज आला का तिथंच गपकन बसते, उठत नाई."

"घनता," वकील म्हणाले. व्हिडिओतल्या माणसानेही घनतेवर भर दिला होता.

"हौ. तेच ते म्हणून राह्यलो मी. घनता. आन पैशाचं नाव काढू नको. दोस्ताच्या कामाले पैसे? ठेव तुह्या घरी, भाव आला का घेऊन जाईन."

वकिलांना गहिवरून आलं. खेड्यातल्या माणसाच्या मोठ्या मनाबद्दल ते त्या संध्याकाळी शुभदाशी बराच वेळ बोलले.

कपिलचा टेम्पो आला. सुताराने लाकडी चौकटी ठोकल्या, त्यात कापूस ठासला, वरून गोणपाट आणि गोणपाटावर करड्या रंगाचं कापड ताणलं. छताला चार कोपऱ्यांत कापसाचे लोड टांगले. खोली आतून इतकी लहान झाली की खुर्चीपर्यंत तिरकं चालत जावं लागे. वकिलांनी दार लावून टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथल्या तिथे मेली.

मग त्यांनी एक संथ आलाप लावला.

तंबोरा सुरू झाला आणि वकिलांना वाटलं, कुणीतरी आपल्या मांडीजवळ येऊन बसलं. गायिकेने सूर लावण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. तबलजीने शाईवर नुसतं बोट टेकवून उचललं, तेही ऐकू आलं. इतकी वर्षं ऐकलेल्या गाण्यात एवढी माणसं बसली होती आणि आपल्याला त्यांचा पत्ता नव्हता, या विचाराने उमरीकर वकिलांचे डोळे खरोखर भरून आले. तेवढा वेळ त्यांनी कुणालाही सांगण्यासाठी काही ऐकलं नाही. अर्थात तेवढा वेळ फार लांबला नाही.

"शुभदा! इकडे ये, आधी बस इथे."

शुभदा त्यांच्या खुर्चीत बसली. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. "छान आहे हो. खरंच छान आहे."

"छान? फक्त छान?"

"आणि दंडाला काहीतरी चावल्यासारखं झालं."

वकिलांच्याही मानेला मघापासून काहीतरी होत होतं. त्यांचा चेहरा उजळला. "चावत नाही ते. शहारा आहे तो. शुद्ध सूर कानात गेला की अंगावर काटा येतो. आजवर आपल्याला आला नाही, कारण गाळलेलं ऐकत होतो."

"मग शहारा खाजवतो का?"

"तू गणिताची बाई आहेस," वकील म्हणाले.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी खोलीत आणखी चार खुर्च्या कोंबल्या आणि मोजक्या रसिकांना बोलावलं. निवृत्त मुख्याध्यापक आणि गावातल्या संगीत मंडळाचे अध्यक्ष नागोराव गुल्हाने आले. टाइल्सचे व्यापारी धर्मपाल आले. त्यांच्या बंगल्यात वकिलांच्या दुप्पट उंचीचे स्पीकर होते आणि ते ही गोष्ट वाटेत कुणी भेटलं तरी सांगत. शुभदाची मामेबहीण स्पृहा आली. ती यवतमाळची त्वचारोगतज्ज्ञ, एक रविवार आड दिग्रसला पेशंट बघायला यायची. तिच्यासाठी खास खुर्ची पुढे घेतली गेली, कारण तिला बरं बोलता यायचं आणि यवतमाळमध्ये तिच्या ओळखी होत्या.

दार लागलं. पंखा बंद झाला. वकिलांनी आधी भाषण केलं, त्यात गळती, डॅक, केबल आणि घनता आली. मग गाणं लागलं.

आलाप अर्ध्यावर असताना नागोरावांचा हात मानेकडे गेला. ते अवघडले. भर आलापात खाजवणं अध्यक्षांना शोभलं नसतं. म्हणून त्यांनी बोटं हळुवार फिरवली, मान डोलावली आणि पुटपुटले, "काटा आला हो अंगावर."

धर्मपाल मघापासून मांडीखाली हात दाबून बसले होते. त्यांनी लगेच बाही वर केली. "मले तर केव्हाचा येऊन राह्यला. हे पाहा!" हातावर लालसर पुटकुळ्या उठल्या होत्या.

"रोमांच," वकील हळूच म्हणाले. "याला रोमांच म्हणतात."

सगळ्यांनी स्पृहाकडे पाहिलं. ती कोपर दाबून बसली होती. तिने धर्मपालांच्या हातावरच्या पुटकुळ्या पाहिल्या, स्वतःच्या हातावरच्या पाहिल्या, तिची भुवई जरा वर गेली. मग तिने नागोरावांचे मिटलेले डोळे पाहिले.

"हो ना," ती म्हणाली. "आतून काहीतरी हलतं."

द्रुत सुरू झाली तेव्हा खोलीत स्वस्थ बसलेलं कुणी नव्हतं. नागोराव खुर्चीच्या पाठीला पाठ घासत दाद देत होते. धर्मपाल दोन्ही हातांनी पोटऱ्या चोळत "वा, वा" म्हणत होते. दाराशी बसलेल्या शुभदाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ती चहा ठेवायला उठून गेली.

त्या रविवारनंतर उमरीकर वकिलांचं नाव झालं. "त्यांच्याकडे गाणं कानानं नाही, अंगानं ऐकू येतं," असं नागोराव मंडळाच्या बैठकीत म्हणाले. ज्यांना बोलावणं आलं नव्हतं ते कोर्टात वकिलांना नमस्कार करायला लागले. वकिलांनी इंटरनेटवरच्या गानप्रेमींच्या गटात दीर्घ अनुभव लिहिला. त्यात त्यांनी दाबलेलं गाणं आणि लॉसलेस गाणं आलटून पालटून ऐकलं होतं. दाबलेल्या गाण्याला कमी काटा येतो असा त्यांचा निष्कर्ष होता. दाबलेलं गाणं ते दोन मिनिटांत बंद करून बाहेर येत आणि लॉसलेस तासभर ऐकत, याची नोंद त्यांनी केली नव्हती. पुण्याहून एकाने विचारलं, केबल कुठली? धर्मपालांनी तर तीच केबल मागवली. ती लावून दोन दिवस बंगल्यात बसले. अंगावर काही आलं नाही. ते खचले.

इकडे वकिलांचा रोमांच गाणं संपल्यावरही संपेना. तो अंथरुणात आला, मोटारसायकलवर आला, कोर्टात आला. एका वारसाहक्काच्या दाव्यात युक्तिवाद करताना त्यांनी काळ्या कोटात हात घालून पाठ इतकी खाजवली की न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्हाला बसायचंय का?" समोरच्या पक्षकाराला वाटलं, मुद्दा वर्मी लागला.

शेवटी शुभदा त्यांना बसमध्ये घालून यवतमाळला स्पृहाच्या दवाखान्यात घेऊन गेली. स्पृहाने त्यांची पाठ पाहिली आणि कागदावर औषध लिहिता लिहिता, या मोसमात दिग्रस-दारव्ह्याच्या प्रत्येक पेशंटला विचारायची तोच प्रश्न तिच्या तोंडून गेला.

"घरात कापूस साठवलाय का?"

शुभदाने वकिलांकडे पाहिलं. स्पृहाचं पेन थांबलं.

"स्पृहा," शुभदा म्हणाली, "तू त्याच खोलीत बसली होतीस. समोरच्या खुर्चीत."

"माहीत आहे गं मला." स्पृहाने पदर सावरला. तिच्या मनगटावर पांढरं मलम होतं. "मला तिथेच शंका आली होती. पण तिघंही रोमांच म्हणत होते. मला वाटलं, काही बोलले तर म्हणतील हिला गाण्यातलं कळत नाही."

"म्हणजे तुला रोमांच आलाच नव्हता?" वकिलांनी कोट चढवत विचारलं.

"भाऊजी, मला खाज आली होती."

"हां. दोन्ही एकाच वेळी येऊ शकतात," वकील म्हणाले. परतीच्या बसमध्ये ते याच मुद्द्यावर बोलत राहिले. शुभदाने खिडकीकडे तोंड केलं होतं. दारव्हा येईपर्यंत ती आवाज न करता हसत होती.

घरी आल्यावर मात्र तिने ठणकावलं. "तो कापूस उद्या गेला पाहिजे." वकिलांनी मुदत मागितली, तिने दिली नाही. दुसऱ्या दिवशी कपिलला फोन गेला. कपिल आला, चौकटी फोडून त्याने कापूस टेम्पोत भरला आणि सारखा एकच प्रश्न विचारत राहिला, "पन काहून? आवाज बसला नाई का?" खाजेचं नाव निघालं तेव्हा त्याने असा चेहरा केला की जणू हा शब्द तो पहिल्यांदा ऐकत होता.

खोली धुतली, औषध मारलं. वकिलांनी नागपूरहून आवाज शोषणाऱ्या फोमच्या तयार पट्ट्या आणून नीट मापाने लावल्या. आवाज पूर्वीपेक्षाही स्वच्छ झाला. शुभदासुद्धा एका दुपारी आपणहून येऊन बसली आणि पूर्ण राग ऐकून उठली. वकिलांनी पुन्हा रसिकांना बोलावलं.

गाणं संपलं. नागोरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं, हात उलटा करून पाहिला.

"आज ते झालं नाही," ते म्हणाले.

"केबल बदलली काय?" धर्मपालांनी विचारलं. त्यांच्या आवाजात कित्येक दिवसांनी उमेद आली होती.

वकील घाम पुसू लागले. शुभदा चहा घेऊन आली होती, तिने ट्रे ठेवला आणि सरळ सांगितलं, "नागोरावजी, ते गाण्याने होत नव्हतं. भिंतीत जुना कापूस होता, त्यातले किडे चावत होते. आता कापूस नाही, किडे नाहीत. स्पृहाला विचारा."

नागोराव प्रेमळ हसले. शाळेत चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीकडे पाहून हसावं तसे. "मॅडम, तुमचं गणित पक्कं आहे, त्यात वाद नाही. पण आम्ही काय उभ्या आयुष्यात कापूस पाहिला नाही? ते वेगळंच होतं. काय वकीलसाहेब?"

सगळ्यांनी वकिलांकडे पाहिलं. खरं सांगण्याची याहून सोपी वेळ त्यांच्या आयुष्यात आली नव्हती. "कंपनीने सर्व्हर बदललाय बहुतेक," ते म्हणाले.

धर्मपाल चहा अर्धा टाकून उठले. बाहेर जाता जाता त्यांनी वकिलांना बाजूला घेतलं आणि विचारलं, पहिल्या वेळचा कापूस कुणाचा होता. वकिलांनी कपिलचं नाव सांगितलं. नंबरही दिला.

कपिलला घनता हा शब्द आता पाठ झाला होता. त्याचा टेम्पो अजून रिकामा व्हायचा होता, कारण निकिताने तो अंगणात येऊ दिला नव्हता. तो तसाच धर्मपालांच्या बंगल्यावर गेला.

पुढच्या पंधरवड्यात धर्मपालांकडे बैठक ठरली. शुभदा म्हणाली, "मी येत नाही. तुम्हीही जाऊ नका."

"जाऊन सगळ्यांसमोर सांगणार आहे," वकील म्हणाले. "गाण्याच्या नावाखाली हे चालू देणं बरोबर नाही." त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, वरची गुंडी लावली आणि गेले.

धर्मपालांच्या हॉलमध्ये भिंतीभर कापूस ठासला होता. संगीत मंडळ पूर्ण हजर होतं, काहीजण सहकुटुंब. सगळ्यांत मागे, उघड्या खिडकीजवळ, कपिल हातात चहाचा कप घेऊन उभा होता. वकील आत शिरले आणि त्यांची पहिली नजर स्पीकरकडे गेली. तिथे निळा दिवा लुकलुकत होता. धर्मपालांनी केबल लावलीच नव्हती. गाणं ब्लूटूथवरून येत होतं, दाबलेलं, गाळलेलं, भसाडं. वरचा सूर लागला की स्पीकरचा पडदा थरथरत होता.

समोर मात्र माणसं तल्लीन झाली होती. कुणी मान चोळत होतं, कुणी पाठ. एक बाई मुलाच्या हातावरच्या पुटकुळ्या शेजारणीला कौतुकाने दाखवत होती. धर्मपाल मधल्या खुर्चीत बसले होते. वकील आजवर स्वतःकडे ज्या कौतुकाने पाहत आले होते, त्याच कौतुकाने आज सगळे धर्मपालांकडे पाहत होते.

वकिलांनी घसा खाकरला. बोलायचं वाक्य त्यांनी मोटारसायकलवर येताना जुळवून ठेवलं होतं. नागोरावांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला.

वकील बसले. खुर्ची भिंतीला टेकलेली होती. थोड्या वेळाने त्यांच्या कॉलरखाली काहीतरी हललं.

नागोराव त्यांच्या कानाशी झुकले. "काय वकीलसाहेब? येतोय ना?"

मागच्या रांगेतून दोघांनी माना पुढे काढल्या. धर्मपालांनीही गाणं सोडून इकडे पाहिलं. उमरीकर वकिलांनी वरची गुंडी सोडली, बाही कोपराच्या वर सरकवली आणि सगळ्यांना दिसेल असा हात पुढे केला.

"येतोय," ते म्हणाले आणि खाजवू लागले.